खासदाराला परदेशाचा प्रश्न कसा विचारायला लावायचा

आपल्याकडे एक गैरसमज आहे की परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त मंत्री आणि राजदूत. अहो, २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय ७ शिष्टमंडळं देशोदेशी गेली, त्यातल्या एकाच्या प्रमुख सुप्रिया सुळे, दुसऱ्याचे श्रीकांत शिंदे. म्हणजे खासदार हे काम करतातच.

आता समजा तुमच्या गावातली पोरं आखातात कामाला आहेत आणि मालक पासपोर्ट अडकवून ठेवतो. खासदाराला नुसतं "लक्ष घाला साहेब" लिहू नका, सरळ प्रश्नच तयार करून द्या: किती तक्रारी आल्या, दूतावासाने काय केलं, त्या देशाशी कामगार करार आहे का. तारांकित प्रश्न मागा, त्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि लगेच पूरक प्रश्न विचारता येतो, अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. नोटीस १५ दिवस आधी लागते, त्यामुळे अधिवेशन तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

दुसऱ्या देशाशी करार झाला की संसद मंजुरी देते असं समजू नका. अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, आपल्याकडे सरकारच सही करतं. कायदा बदलायचा असेल तरच राज्यघटनेच्या कलम २५३ खाली संसदेत यावं लागतं. म्हणून आपल्याकडे प्रश्न विचारणं हेच मोठं हत्यार, माझ्या मते तरी.

आणि खासदार जिनिव्हाच्या आंतर-संसदीय संघाच्या बैठकीला जाऊन आले (देशोदेशीच्या संसदांची १८८९ पासूनची संस्था आहे), तर फोटोला लाईक देण्याआधी विचारा, ठराव कोणता झाला आणि इथे त्याचं काय करणार?