सेकंडहँड लॅपटॉपचा ॲडमिन पासवर्ड माहीत नसेल तेव्हा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून किंवा शिक्षण संपवून गावी निघालेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून जुना लॅपटॉप घेतला, की पुष्कळदा पडद्यावर आधीच्या मालकाचे नाव आणि त्याखाली पासवर्डचा रकाना दिसतो. हा पासवर्ड शोधण्याची किंवा तोडण्याची काहीच गरज नसते. यंत्र आपले झाले असले तरी त्यातील छायाचित्रे आणि कागदपत्रे आधीच्याच माणसाची असतात, म्हणून ती न उघडता सगळे पुसून विंडोज नव्याने बसवणे हाच योग्य मार्ग आहे.

त्याआधी विक्रेत्याला फोन करावा. त्याने स्वतः लॉगिन करून आपले खाते काढून टाकले, तर पुढच्या बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत. मूळ बिल मागावे. ते नसेल तर लॅपटॉपचा सिरियल क्रमांक लिहिलेली, सही केलेली पावती तरी घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे, त्यामुळे पावती देण्यास कां-कू करणाऱ्याकडून स्वस्तातही वस्तू घेऊ नये.

आता कुलूप कोणते आहे ते ओळखावे. विंडोजचे चिन्ह दिसण्याआधीच पासवर्ड मागितला जात असेल, तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचा आहे आणि खालील उपायांनी तो जाणार नाही. तो मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर साठवलेला असल्यामुळे हार्ड डिस्क बदलूनही उपयोग होत नाही. मूळ बिल घेऊन उत्पादकाच्या सेवा केंद्रातच जावे लागते.

पासवर्ड विंडोजचा असेल तर चार्जर जोडून ठेवावा, लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातील पॉवरच्या चिन्हावर क्लिक करावे आणि शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. निळा पडदा आल्यावर ‘ट्रबलशूट’, त्यानंतर ‘रिसेट धिस पीसी’ आणि मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे जावे. ‘कीप माय फाइल्स’ येथे निरुपयोगी आहे, कारण तो पर्याय पुन्हा त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. पुढे ‘लोकल रीइन्स्टॉल’ घेतल्यास इंटरनेट लागत नाही. ‘क्लाउड डाउनलोड’मध्ये सुमारे 4 जीबी डेटा खर्च होतो, पण जुनी विंडोज बिघडलेली असेल तर तोच अधिक भरवशाचा आहे. डिस्क पूर्ण स्वच्छ करण्याचा पर्याय दिसला तर तो अवश्य घ्यावा, मग रात्रभर थांबावे लागले तरी चालेल.

मध्येच 48 अंकी बिटलॉकर रिकव्हरी की (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची किल्ली) मागितली गेली, तर ती बहुधा आधीच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. ती मिळाली नाही, किंवा रिसेट अर्धवट थांबले, तर पेनड्राइव्हचा मार्ग आहे. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करावी. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची कळ दाबावी: डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मॉडेलांत एफ12, एचपीत एफ9. डिस्क निवडण्याच्या पायरीवर लॅपटॉपच्या डिस्कचे सर्व विभाग काढून टाकावेत. तेथे पेनड्राइव्हही दिसतो, म्हणून आकार वाचूनच हात लावावा. प्रॉडक्ट की विचारल्यास ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडून आधीचीच आवृत्ती बसवावी. डिजिटल परवाना त्या यंत्राशी जोडलेला असला, तर इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते.

विंडोज 10 चे नियमित मोफत समर्थन 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (यंत्रातील सुरक्षा चिप) आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमपैकी एक बसवणे अधिक सुरक्षित ठरते.

हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांतून बाहेर पडलेले लॅपटॉप पुण्यात भरपूर मिळतात. अशा लॅपटॉपवर सारे पुसून झाल्यावरही, इंटरनेट जोडताच एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिचे खाते मागितले गेले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदणीत आहे. ती नोंद कंपनीचा आयटी विभागच काढू शकतो. इंटरनेट न जोडता ही पायरी चुकवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी न लागता विक्रेत्याकडून नोंद काढून घ्यावी, नाहीतर लॅपटॉप परत करून पैसे मागावेत.