हरीण खाली बसतं, बाण वरून जातो: क्रॉसबोने शिकार करताना या चुका टाळा

सरावात तीस यार्डांवर बाण नेमका बसतो आणि जंगलात त्याच अंतरावर हरणाच्या पाठीवरून निघून जातो. मग स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बिघडला असं समजून लोक स्क्रू फिरवत बसतात. मीही हेच केलं होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २००९ पासून धनुष्यबाणाच्या हंगामात क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) वापरता येतो, आणि इथल्या पहिल्या दोन हंगामांत माझे बाण असेच वरून गेले. स्कोप ठीक होता. व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं) हरीण दोरीचा आवाज ऐकून उडी घेण्यासाठी पाय दुमडत होतं, आणि त्यात त्याचं अंग खाली जात होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेगावर भरवसा. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, बाण ४००. चाळीस यार्डांवर आवाज साधारण ०.११ सेकंदात पोचतो, बाणाला ०.३ लागतात. मधल्या ०.२ सेकंदात सावध हरीण काही इंच खाली जातं. वीस यार्डांवर हाच फरक जेमतेम ०.१ सेकंद उरतो. म्हणून आणखी वेगवान क्रॉसबो घेण्याऐवजी अंतर कमी करा, आणि नेम छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागावर धरा. हरीण जागचं हललं नाही तर बाण हृदयात जातो, खाली बसलं तर फुप्फुसांत.

वेगाच्या हव्यासापोटी हलका बाण लावणं हीसुद्धा चूकच. बाणाने न उचललेली ताकद धनुष्यातच राहते, ती थरथर आणि खडखडाट होऊन बाहेर पडते. जड बाण थोडा हळू जातो, पण धनुष्य शांत होतं. बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान वजनाखाली तर कधीच जाऊ नका, धनुष्य मोडू शकतं. बाण बदलल्यावर स्कोप पुन्हा जुळवा.

आवाज नेमका कुठून येतो ते कळत नसेल तर सराव करताना फोन बाजूला, सुरक्षित जागी रेकॉर्डिंगला लावून ठेवा. घोड्यामागे बसून कानाला जे जाणवत नाही ते त्यात ऐकू येतं: ढिला स्क्रू, पट्ट्याची कडी, भात्यातले बाण. मचाणावर बसलात की भाता काढून ठेवा. सेफ्टीचा (बाण चुकून सुटू नये म्हणून असलेल्या बटणाचा) ‘टक्’ आवाज हरणाला लांबूनही कळतो. बटण दोन्ही बाजूंनी बोटांत धरून हळू सरकवा.

चालतं हरीण थांबवायला तोंडाने ‘मॅ’ असा आवाज काढायची इथे सवय आहे. हरीण थांबतं खरं, पण कान टवकारून, पाय ताणून. लांबून बाण सोडायला याहून वाईट क्षण नाही. चरणाऱ्या, शेपटी हलवणाऱ्या हरणाची वाट पाहा. वारा असेल तर उत्तम, पानांची सळसळ पुष्कळ झाकते.

(भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हे सगळं इथल्या परवान्याच्या हंगामापुरतं.)

बाण लागल्यावरही गप्प राहा. ओरडत खाली उतरलात तर जखमी हरीण दूरवर पळतं आणि एकटं तडफडतं. फुप्फुसांत लागला असेल तर अर्धा तास थांबा. पोटात लागल्याची शंका असेल तर निदान सहा-आठ तास, मग माग काढा.