किडनी बसवण्याआधी लसींची वही घाला

माझी डावी किडनी गेली सहा वर्षं ह्यांच्या पोटात उजव्या बाजूला काम करते आहे. त्यामुळे इंदूरच्या रामबागेत आमच्या ओळखीत कुणाचं डायलिसिस सुरू झालं की घरचे मला फोन करतात. मी आधी विचारते, लसी कुठवर आल्या?

लस घेतल्याने बसवलेली किडनी शरीर नाकारेल, ही भीती आधी मनातून काढा. धोका संसर्गाचा आहे. साध्या फ्लूनेही प्रतिकारशक्ती खवळते आणि किडनीवर उलटू शकते. संसर्ग मोठा असला तर डॉक्टरांना मायकोफेनोलेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी कराव्या लागतात, आणि त्या तर रिजेक्शन रोखण्यासाठीच असतात.

हिपॅटायटिस बी ताबडतोब सुरू करा, ती फार वेळ खाते. डायलिसिसवाल्यांना दुप्पट डोस देतात, ४० मायक्रोग्रॅम. पहिल्यानंतर १, २ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचा, म्हणजे लस लागू पडली का हे सांगणारी रक्ततपासणी. तो १० च्या वर हवा. आम्ही चार डोस झाले म्हणून निर्धास्त होतो. टायटर आला ४! सगळं पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्ट हातात आल्याशिवाय वहीत बरोबरची खूण करू नका. पुढेही वर्षातून एकदा तपासा.

कांजिण्या आणि गोवर-गालगुंड-रुबेला या जिवंत लसी. लागणार असतील तर ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी. नंतर त्या घेता येत नाहीत. न्यूमोनियाची पीसीव्ही-१३ ही लस घेतली तर आठ आठवड्यांनी त्याचीच दुसरी लस, पीपीएसव्ही-२३. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी. ऑपरेशननंतर फ्लूचं महिन्याभरानेही देतात, बाकीची साधारण तीन ते सहा महिन्यांनी. तारीख मात्र तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरातल्यांचं काय, हे आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. फ्लूची लस घरातल्या प्रत्येकाने घ्यायची. आमचा नातू तेव्हा वर्षाचा होता. पोलिओ रविवारी त्याला थेंब पाजायला सून निघाली आणि मी चपला घालता घालता डॉक्टरांना फोन लावला. थेंबांतला विषाणू दुबळा पण जिवंत, बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. त्याला पोलिओचं इंजेक्शन दिलं. रोटाव्हायरसचे थेंब घेतलेल्या बाळाचे लंगोटही चार आठवडे पेशंटने बदलायचे नाहीत.

दवा बाजारातून लस स्वतः आणणार असाल तर २ ते ८ अंशांत आणा, पण बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलेली हिपॅटायटिसची लस वाया जाते. वहीत तारीख, लस, बॅच नंबर, टायटर आणि कोणता हात हे लिहा. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी नस जोडून तयार केलेल्या, हाताला सुई लावू देऊ नका. नर्स घाईत असते, बाही तुम्हीच दुसरी वर करा.