खार की चिपमंक? ओळखताना या चुका टाळा

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात मुलांकडे आलेले आईबाबा डेकवर चहा घेत बसतात, पायऱ्यांखालून एक पट्टेवाला जीव तुरुतुरु पळतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "अगं बाई, आपली खारूताई!" पट्टे आहेत, चपळाई तीच आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तो चिपमंक असतो. उलट, भारतातल्या खारीचे फोटो 'चिपमंक' म्हणून टाकलेलेही सर्रास दिसतात. भारतातल्या रानात चिपमंक नाहीच. त्याच्या सुमारे 25 जाती आहेत आणि सायबेरियन चिपमंक सोडला तर बाकी सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. दोघांचं कूळ एकच, खारींचं. म्हणूनच नीट बघावं लागतं.

पाठीवरून ठरवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पट्टे मोजून काही हाती लागत नाही, कारण आपल्याकडेच तीन पट्ट्यांची खार वेगळी आणि पाच पट्ट्यांची वेगळी. चेहरा बघा. चिपमंकच्या डोळ्याच्या वर आणि खाली फिकट पट्टा असतो आणि मधून डोळ्याला छेदून गडद रेघ जाते. आपल्या खारीचे पट्टे पाठीपुरतेच, चेहरा कोरा.

रॉकी पर्वताच्या भागात गेलात तर ही खूण फार उपयोगी पडते. तिथे खांद्या-डोक्यावर सोनेरी झाक असलेली, जमिनीवर राहणारी एक खार आहे. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना ठळक पट्टे असतात, पण चेहऱ्यावर एकही नाही. पर्यटक तिलाच चिपमंक समजून फोटो काढत असतात.

छोटा दिसला म्हणजे पिल्लू नव्हे

अमेरिकेतली राखाडी खार साधारण अर्धा किलोची, तर पूर्वेकडचा चिपमंक जेमतेम 100 ग्रॅमचा. म्हणून 'हे त्या मोठ्या खारीचं पिल्लू' असं काहींना वाटतं. त्या खारीची पिल्लं घरट्याबाहेर येतात तेव्हा आईसारखीच राखाडी आणि झुपकेदार शेपटीची असतात, पट्टे कुठेच नसतात.

खात्री करायची तर पक्ष्यांच्या फीडरखाली सांडलेल्या दाण्यांकडे थोडा वेळ बघत बसा. चिपमंक पुढच्या दोन्ही पंजांनी सूर्यफुलाच्या बिया एकामागून एक गालात कोंबतो. गाल इतके फुगतात की डोकं दुप्पट रुंद दिसतं. मग तो थेट बिळात शिरतो आणि गाल रिकामे करून थोड्याच वेळात परत हजर. राखाडी खारीला अशा गालपिशव्या नसतात. ती एक ओकफळ दातात धरते, जरा लांब जाऊन उथळ खड्डा करते, फळ आत दाबते आणि पंजांनी माती थापते. पुढचं फळ दुसरीकडे. मला हा फरक फार आवडतो: एकाचं कोठार एका जागी, दुसरीची साठवण अंगणभर विखुरलेली.

झाडावर दिसला म्हणून खार, असंही धरू नका. चिपमंकला झाडावर चढता येतं. भर थंडीत बर्फावर हिंडताना दिसली तर मात्र ती बहुधा राखाडी खारच. चिपमंक तेव्हा बिळात पडून असतो, काही दिवसांनी जागा होऊन साठ्यातलं खातो आणि पुन्हा झोपतो.

उपाय करण्याआधी कोण आहे ते बघा

लॉनमध्ये साधारण 5 सेंटीमीटरचं गोल भोक आहे आणि तोंडाशी मातीचा ढीग नाही, तर ते चिपमंकचं असण्याची शक्यता मोठी. जागोजागी उथळ खळगे दिसत असतील तर राखाडी खारीने काहीतरी पुरलंय किंवा उकरलंय.

अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, दिवसा खुडबुड ऐकू येत असेल तर खार असू शकते. रात्रीची असेल तर उंदीर किंवा उडणारी खार. आत कोण आहे हे न बघता भोक बुजवणं ही सगळ्यात वाईट चूक. वसंतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी आत पिल्लं असू शकतात. आई बाहेर अडकली तर ती लाकूड कुरतडून आत शिरायला बघते आणि पिल्लं उपाशी मरतात. पिल्लं मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा, मगच जागा बंद करा.

पिंजऱ्यात पकडून लांब सोडून येणं दयेचं वाटतं, पण अनेक राज्यांत परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. शिवाय साठवलेलं अन्न मागे राहतं आणि रिकाम्या जागेवर दुसरा येतो. ट्यूलिपचे कंद खाल्ले जात असतील तर लावल्यावर वरून अर्ध्या इंचाच्या भोकांची तारेची जाळी अंथरा, नाहीतर डॅफोडिल लावा. त्याचे कंद विषारी असल्याने दोघंही तोंड लावत नाहीत.

राष्ट्रीय उद्यानांत मात्र यांना हातावर शेंगदाणे देऊ नका. तिथे खायला घालायला बंदी आहे. पश्चिमेकडच्या भूचर खारी आणि चिपमंकच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेगचे जंतू पसरल्याच्या नोंदी आहेत. चावा बसलाच तर साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवा.