न्यूयॉर्कच्या सी-१४ प्रमाणपत्राची तयारी: आधी पदवीचे मूल्यमापन

न्यूयॉर्क शहरातील महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेवर देखरेख करायची असेल, तर शहराच्या अग्निशमन खात्याचे, म्हणजे एफडीएनवायचे, सी-१४ हे प्रमाणपत्र लागते. प्रयोगशाळेत काम चालू असताना असा प्रमाणपत्रधारक हजर असावाच लागतो, त्यामुळे विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाला लवकरच परीक्षा देऊन येण्यास सांगितले जाते. मुंबई, पुणे किंवा नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन येथे आलेल्यांसाठी मी हे लिहीत आहे, कारण आपल्या बाबतीत खरी अडचण परीक्षेत नसून कागदपत्रांत असते.

सर्वांत आधी पदवीचे मूल्यमापन. या प्रमाणपत्रासाठी विज्ञान विषयातील महाविद्यालयीन शिक्षणाचा पुरावा मागतात, आणि पदवी अमेरिकेबाहेरची असेल, तर ती येथील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे याचा मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेचा अहवाल सोबत असावा लागतो. मूळ पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या गुणपत्रिका घेऊन मी गेले होते, हा अहवाल मात्र जवळ नव्हता, म्हणून परीक्षेला न बसताच परतावे लागले. गुणपत्रिका कितीही चांगल्या असल्या तरी त्या या अहवालाची जागा घेत नाहीत. शिवाय मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना बहुधा आपण दिलेल्या प्रती चालत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, थेट विद्यापीठाकडून किंवा विद्यापीठाच्या शिक्क्याच्या बंद पाकिटातून यावे लागते, म्हणजे परीक्षा विभागाकडे अर्ज, शुल्क आणि पाठपुरावा हे सगळे भारतात व्हावे लागते. गावी कोणी धावपळ करणारे असेल तर त्याला आजच फोन करावा. अहवाल हाती येईपर्यंत परीक्षेचा दिवस ठरवूच नये. येथील विद्यापीठाची विज्ञानातील पदवी असेल, तर तिचाच पुरावा द्यावा आणि हा परिच्छेद सोडून द्यावा.

दुसरे, महाविद्यालयाचे शिफारसपत्र. ते अधिकृत लेटरहेडवर हवे आणि त्यात पूर्ण नाव, अनुभव व कामाच्या ठिकाणाचा पत्ता हवा. पत्र लिहिणाऱ्याला हे मुद्दे आधीच लिहून द्यावेत, नाहीतर स्वभावाची स्तुती करणारे सुंदर पण निरुपयोगी पत्र हाती येते. शासनाने दिलेली दोन ओळखपत्रे लागतात, हे वेगळे सांगायला नको. नावाकडे मात्र नीट पाहावे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असते, काहींवर आईचेही असते. पासपोर्टवर तीच नावे वेगळ्या रचनेत असतात आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींची तर तिसरीच तऱ्हा. पत्र, ओळखपत्रे आणि मूल्यमापनाचा अहवाल, तिन्हींवर एकच नाव असेल असे पाहावे आणि ते शक्य नसेल तर नाव बदलल्याचा दाखला जोडावा. अहवालावरचे नाव अर्ज करतानाच तपासावे. नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते.

आता अभ्यास. अग्निशमन खात्याची पुस्तिका मोफत मिळते आणि प्रश्न बहुपर्यायी असतात. आपल्याला रसायनशास्त्र येते या भरवशावर कोणी जाऊ नये, कारण येथे प्रश्न रसायनांपेक्षा नियमांवर अधिक असतात. आपण लिटर, किलो आणि सेल्सिअसमध्ये विचार करतो, तर येथे सगळे गॅलन, पौंड आणि फॅरनहाइटमध्ये. ज्वालाग्राही द्रवांचा साठा किती ठेवता येतो हे खोलीच्या अग्निरोधक बांधणीवर आणि स्प्रिंकलर, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारी यंत्रणा, आहेत की नाहीत यावर ठरते: दोन तास आग रोखणारी बांधणी व स्प्रिंकलर असल्यास ३० गॅलन, एका तासाची बांधणी व स्प्रिंकलर असल्यास २५, आणि स्प्रिंकलर नसल्यास अनुक्रमे २० व १५. हा तक्ता पाठच करावा. ३० गॅलन म्हणजे साधारण ११३ लिटर. ही मर्यादा आपण ज्या खोलीवर देखरेख करणार तिच्या बाबतीत पाळली जाते का, हेही त्याच वेळी मोजून पाहावे.

ईथर या चटकन पेटणाऱ्या द्रवावर अधिक वेळ द्यावा. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, उणे ४५ अंश सेल्सिअस आहे आणि वाफ हवेपेक्षा अडीच पटींहून जड असल्याने ती टेबलावरून वाहत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणूनच, आत स्विच आणि दिवा असलेल्या घरगुती फ्रिजमध्ये ईथर कधीही ठेवायचा नसतो. ईथर उघडा राहिला की पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगे तयार होतात, म्हणून बाटलीवर ती आल्याची आणि उघडल्याची तारीख हवी. जळत्या सोडियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड चालत नाही, त्यासाठी डी वर्गाचे, म्हणजे धातूंच्या आगीसाठीचे, अग्निशामक लागते. २०१४ च्या जानेवारीत मॅनहॅटनमधील एका शाळेत मिथेनॉलच्या रंगीत ज्योतींचे प्रात्यक्षिक चालू असताना दोन विद्यार्थी भाजले, आणि त्या वेळी मिथेनॉल मोठ्या बाटलीतूनच ओतले जात होते. प्रात्यक्षिकासाठी लागेल तेवढेच द्रव वेगळ्या लहान भांड्यात काढावे आणि मोठी बाटली खोलीबाहेर ठेवावी, हा नियम परीक्षेत विचारला न गेला तरी पाळावा.

परीक्षेच्या दिवशी ब्रुकलिनमधील ९ मेट्रोटेक सेंटरला वेळेआधी पोहोचावे. शुल्क २५ डॉलर, उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. निघण्यापूर्वी पिशवीत अहवाल आहे ना, हे पुन्हा पाहावे. गुणपत्रिका नव्हे, अहवाल.

प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नूतनीकरणाला १५ डॉलर पडतात. काम करताना कार्ड जवळ ठेवावे. नोकरीचे ठिकाण बदलल्यास खात्याला कळवावे. अहवालाची एक प्रत घरी जपून ठेवावी.