लिस्बनला माहितीपट शूट करायला निघताय? आधी कॅमेऱ्याचे कागद करा

गोव्यातून परदेशी शूटिंगला निघालेली मुलं व्हिसाचे कागद नीट लावतात, पण कॅमेऱ्याचे विसरतात. परतताना कस्टम्सने नव्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं, तर तो इथूनच नेला होता हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. बॉडी, लेन्स, रेकॉर्डर यांचे सीरियल नंबर आणि बिलांच्या प्रती आधीच एका कागदावर उतरवून ठेवा.

गोम अशी, की दाबोळी किंवा मोपाहून मुंबईमार्गे जात असाल तर हे काम मुंबईत होतं, कारण आंतरराष्ट्रीय विमान तिथून सुटतं. सामान गोव्यातच थेट लिस्बनपर्यंत चेक-इन केलंत, तर मुंबईत अधिकाऱ्याला दाखवणार काय? म्हणून नोंदवायच्या वस्तू केबिन बॅगेतच ठेवा. भाड्याचा मोठा सेट असेल, तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेऊन ड्युटी न भरता परत आणायचा कागद, काढा. त्याला अनामत लागते, म्हणून दोन-तीन लेन्सच्या संचासाठी तो खटाटोप नको.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, 14.8 व्होल्ट, 6.6 अँपिअर-अवरची व्ही-माउंट (कॅमेऱ्याच्या मागे बसणारी मोठी बॅटरी) साधारण 98 भरते, म्हणजे 100 च्या आत. 100 ते 160 मधल्यांना विमान कंपनीची परवानगी लागते, तीही माणशी दोनच. टोकांवर चिकटपट्टी लावा. चावीला टेकली की शॉर्ट होते.

पोर्तुगालमध्येही वीज 50 हर्ट्झची, तेव्हा दिव्यांखाली चित्र लुकलुकू नये म्हणून इथलंच सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर तसंच ठेवा.