रास्पबेरी पायचा राऊटर: अपलोड सुरू केलं की नेट जायचं

गावच्या घरी फायबर पोचलेलं नाही, म्हणून रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) वर ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मोफत प्रणाली टाकून, ४जी डोंगल (सिम घालून यूएसबीत लावायचं नेटचं उपकरण) लावून राऊटर केला. असे बरेच डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाकलं की मोडेम म्हणून ओळखले जातात. तेवढं सोपं.

खरा त्रास पुढे. मेसेज चालायचे, पण व्हिडिओ कॉल लावला की नेट गायब. सिम बदलून पाहिलं, फरक नाही. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदींमध्ये) उत्तर सापडलं: डोंगल यूएसबीवरून निसटून पुन्हा जोडला जात होता. कारण वीज. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, आणि त्यातच माझी एसएसडीही (साठवणीची डिस्क) होती. रेंज कमी असली की टॉवर गाठायला डोंगल जास्त वीज ओढतो, अपलोडच्या वेळी तर खूपच.

स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब (जास्तीचे पोर्ट देणारा डबा) घेतला, डोंगल त्यावर लावला. तुटणं थांबलं. शिवाय डोंगल यूएसबी २ च्या एक्स्टेंशनने खिडकीशी नेला, कारण यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि ४जीचा बँड ४० हा लहरींचा पट्टा (२३०० मेगाहर्ट्झ) त्याच्या अगदी शेजारी.

हब घेताना तो पायकडे उलटी वीज सोडत नाही ना, तेवढं नक्की पाहा.